मांडावरून नेलेले मांडावर परत येऊ द्या

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,
गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार.

सप्रेम नमस्कार.

एक साधी मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. आपल्या गावांत येऊन विद्यार्थी आणि संशोधक जी गाणी, ज्या कथा, जे विधी ध्वनिमुद्रित करतात किंवा लिहून घेतात, त्यांची एक प्रत त्या गावाला परत मिळावी, आणि ती देणे हा पदवीच्या नियमांचाच भाग व्हावा. प्रबंध बांधून ग्रंथालयात जमा केला की काम संपले, असे यापुढे नसावे. बाकी जे लिहिणार आहे ते या मागणीच्या आजूबाजूचे. ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबावे, राग नाही.

मी सत्तरी तालुक्यात मराठी शिकवली आणि तिथेच निवृत्त झाले. विद्यापीठाबद्दल मला आकस नाही, उलट आहे ती आपुलकी. 1985 साली ते सुरू झाले त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. पण ज्यांना तिथला विषय परवडत नसे किंवा मिळत नसे, त्यांच्यापुढे मुंबई, पुणे, धारवाड एवढेच रस्ते. घरच्या मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार? ताळगावच्या पठारावर इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या वाड्यांवरच्या मुली एम.ए. झाल्या, काही पीएच.डी. झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी विषय म्हणून स्वतःचे गाव निवडले. धालो, फुगडी, जागर, रणमाले, शिगमा, अशी आमची नाच-गाणी, लोकनाट्ये आणि सण. हे सगळे चांगलेच झाले. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

धालोचेच घ्या. पौषातल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या गावच्या पवित्र जागेवर, जमतात. समोरासमोर दोन रांगा धरतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकत, पुढे-मागे होत गातात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. आधी नमन. गावच्या देवाचे, मांडाचे, धरतरीचे नाव घेतल्याशिवाय पुढचे गाणे येत नाही. मग संसार, सासर-माहेर, राम-सीता, झाडे, पाखरे, चेष्टा, टोमणे असे करत रात्र चढत जाते. कुणाच्या अंगात रंभा येते. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, हसून हसून पुरेवाट होते. हे मांडावरचे गाणे मांडावरच आणि त्या दिवसांतच गायचे, असे मानणाऱ्या बायका आजही आहेत. भर चैत्रात 'जरा म्हणून दाखवा हो' म्हणून कुणी माईक पुढे केला तर त्या अवघडतात. म्हणून दाखवतातही, कारण पाहुण्याला नाही कसे म्हणायचे. पण ते म्हणून दाखवणे आणि पौषातले गाणे यांत फरक असतो. ध्वनिमुद्रण नुसते ऐकणाऱ्याला तो कळायचा नाही. ते कधी केले, कुठे केले, कुणाच्या सांगण्यावरून केले, हे सोबत लिहिलेले असेल तरच कळेल.

प्रबंधाच्या परिशिष्टात या गाण्यांचे काय उरते ते मी पाहिले आहे. शब्द उरतात. क्रमांक घातलेले, कडव्यांत पाडलेले, कधी 'शुद्ध' करून घेतलेले. चाल नाही, दम कुठे घेतला ते नाही, दुसऱ्या रांगेने ओळ उचलताना केलेला बदल नाही. शेवटी नावांची यादी: नाव, वय, गाव. कोणते गाणे कुणाचे ते बहुतेकदा त्या यादीवरून लागत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक गट आमच्या भागात आला होता. कुठल्या संस्थेचा ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मुले गुणी होती, त्यांच्या प्राध्यापिकाही जाणत्या होत्या. मीच त्यांना वाड्यावर घेऊन गेले, मीच शब्द टाकला. एक म्हातारी होती, गळा अजून स्वच्छ, आणि इतरांना येत नव्हती अशी लांबलचक गाणी तिला येत. ती बराच वेळ गायली. चहा झाला, फोटो झाले, मुले गेली. पुढे म्हातारी वारली. वर्षश्राद्धाच्या सुमाराला तिची नात माझ्याकडे आली: बाई, आजीचा आवाज मिळेल का हो? मी फोन लावत सुटले. मुद्रण एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर होते. तो मोबाईल बिघडला, नवा घेतला, जुना दुकानात दिला. प्रबंध मात्र सुस्थितीत होता, पुठ्ठा बांधणीत, सोनेरी अक्षरांत. त्यातली आजीची गाणी मी नातीला झेरॉक्स करून दिली. तिने ती घेतली. काही बोलली नाही.

यात दोष त्या मुलाचा नव्हता. मुद्रण जपून ठेव, कुठेतरी जमा कर, असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, कारण तसा नियम नव्हता. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, द्यावी लागते, ती दिल्याशिवाय सुटका नाही, म्हणून ती सगळे देतात. निष्कर्ष जपायला नियम लागतो, तर ज्या मुद्रणांवरून निष्कर्ष काढले ती जपायलाही नियम करा. पीएच.डी.च नव्हे, एम.ए.च्या लघुप्रबंधालाही लावा. गावांत सगळ्यांत जास्त फिरतात ती याच वर्गातली मुले.

गोव्याला तर हे शिकायला दूर जायला नको. सोळाव्या-सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांनी इथल्या रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी-मराठीत, रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्या पोथ्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळे पडत होती त्याच काळात घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कागदावर उतरत होत्या, हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या वाचल्या म्हणून आपण उतरवून घेणाऱ्यांचे ऋणी आहोत, हेही खरेच. पण विसाव्या शतकातल्या अभ्यासकाला आपल्या पूर्वजांची कथा वाचायला समुद्र ओलांडावा लागला. आता समुद्र नाही, परकी सत्ता नाही, वाळपई ते ताळगाव बसने जाऊन संध्याकाळी घरी येता येते. तरीही वाड्यावरून गेलेले गाणे वाड्यावर येत नाही.

आता विभागांबद्दल. हे लिहिले की दोन्हीकडचे लोक माझ्यावर रागावणार, पण वय झाले आहे, चालेल. कोकणी लेखक शणै गोंयबाब यांच्या नावाच्या आपल्या भाषा-साहित्य प्रशालेत मराठी आणि कोकणी दोन्ही विभाग आहेत. राजभाषा कोकणी की मराठी हा वाद 1987 च्या कायद्याने संपायचा होता तेवढा संपला. उरलेला आपण जपून ठेवला आहे. पण मांडावर तो वाद कुणी नेलेला नाही. सत्तरी-डिचोलीकडच्या धालोत एक कडवे कोकणी, पुढचे मराठीकडे झुकलेले, तिसऱ्यात दोन्ही एकत्र. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्यावर आरती होते ती मराठी, आणि 'अरे, शामेळ (साथीचे चर्मवाद्य) धर मरे' असे मधेच ओरडणे कोकणी. झर्मे-करंझोळकडच्या रणमाल्यात जत, म्हणजे त्यातले गाणे, म्हणायची भाषा वेगळी, विनोदाची वेगळी. मग हे गाणे कुठल्या विभागाने नोंदवायचे? मराठीचा विद्यार्थी कोकणी कडवी सोडून देतो, कोकणीचा मराठी कडवी. एकाच म्हातारीचे एकच गाणे दोन प्रबंधांत अर्धे अर्धे सापडले तर आश्चर्य वाटायला नको. संग्रह दोन विभागांचा एकच असावा. त्याची सूची भाषेप्रमाणे नको, गावाप्रमाणे करावी: गाव, वाडा, मांड, सण, गाणारीचे नाव. गाणे कोणत्या भाषेचे यावर नंतर सावकाश भांडता येईल.

गावाप्रमाणे सूची केली की आणखी एक गोष्ट आपोआप होईल. चांदरला कार्निव्हालच्या दिवसांत मुसळ खेळ होतो. ख्रिस्ती घरांतले पुरुष हातात मुसळे घेऊन नाचतात आणि जुन्या राजवटींची आठवण गाण्यांतून जागवतात. शिवोलीच्या जागरात हिंदू आणि ख्रिस्ती दोघे असतात. पेरणी समाजाच्या जागराला लाकडी मुखवटे लागतात आणि तो करणारी घरे आता मोजकीच. यांना 'हिंदू लोककला', 'ख्रिस्ती लोककला', 'आदिवासी लोककला' अशा कप्प्यांत घालायला बसलो तर प्रत्येक वेळी काहीतरी बाहेर राहते. गावाच्या नावाखाली ते सगळे निमूट मावते.

लोकपरंपरा म्हटली की ती भाषा विभागाची, फार तर समाजशास्त्राची, असा आपल्याकडे समज आहे. घुमटाकडे बघा. मातीचे भांडे, दोन तोंडे. मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे, ते तळहाताने झाकत-उघडत खर्ज काढायचा. कातडे परंपरेने घोरपडीचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वापरणे गुन्हा, आणि तो असायलाच हवा. मग बकऱ्याचे कातडे आले. 2019 मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, टाळ्या झाल्या. पण चवथ येते भर पावसात, आणि वादकांची तक्रार अशी की दमट हवेत हे कातडे सैल पडते, आवाज बसतो, मग शेगडीवर शेकवत बसा. हा प्रश्न कोण सोडवणार? नाटकाचा विभाग नव्हे. यात ध्वनिशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे, कुंभाराच्या मातीचे रसायन आहे. भौतिकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांनी डिचोलीच्या एका कुंभाराकडे आणि एका जुन्या घुमटवादकाकडे वर्षभर जाऊन-येऊन काम केले तर कदाचित कातड्याला चांगला पर्याय मिळेल; नाही मिळाला तरी का मिळत नाही ते मोजमापासह समजेल. तो अहवाल इंग्रजीत नियतकालिकात जाऊ दे, हरकत नाही. त्याची दोन पाने मात्र मराठी-कोकणीत त्या कुंभाराच्या हातात पडली पाहिजेत. मी 'परत द्या' म्हणते ते एवढ्यासाठीच.

खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचे, तेच. भरतीला आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे लाकडी दार, चिखलमातीचे बांध, खाऱ्या पाण्याला न डगमगणारे कोरगुट भात, बांध फुटला तर कुणी धावायचे याचे गावकरीतले, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेतले, ठरलेले नियम, हे सगळे मिळून एक शास्त्र आहे. आपल्याकडे सागरी विज्ञान शिकवतात, शेजारी दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्राची पातळी वाढते आहे म्हणून जगभर परिषदा होतात. पठाराच्या पायथ्याशी ताळगावच्या शेतांत दरवर्षी नव्या कणसांचे फेस्त होते, तिथले चार म्हातारे बोलवा की एकदा वर्गात.

बोलवायचे तर मानधन कसे द्यायचे, पदवी कुठली दाखवायची, असे कार्यालयातून विचारले जाईल. त्याची सोय विद्यापीठ अनुदान आयोगाने करून ठेवली आहे. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नेमता येतो. त्याला औपचारिक पदवीची अट नाही, त्या क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, आणि मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. साहित्य आणि ललित कला ही क्षेत्रे त्यात नावानिशी आहेत. ही तरतूद आली तेव्हा सगळीकडे उद्योगपती आणि निवृत्त अधिकारी यांची नावे डोळ्यांपुढे आली असतील. माझ्या डोळ्यांपुढे आला तो तांबडी माती आणि चुना यांच्या थरांवर कोरून देवळाच्या भिंती सजवणारा कावी कारागीर, आणि ज्याला रणमाल्याच्या जती तोंडपाठ आहेत असा गावकर. अनुभव पंधरा नव्हे, पन्नास वर्षांचा निघेल. इंग्रजी अर्ज त्याला भरता येणार नाही, तो कुणीतरी भरून द्यावा.

एक गोष्ट मात्र मांडावरच्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. सगळेच परत द्या म्हणजे सगळेच उघडे करा, असे नाही. काही गाणी पुरुषांनी ऐकायची नसतात, काही विधी बाहेरच्यांनी पाहायचे नसतात, काही नावे मोठ्याने घ्यायची नसतात. आपण शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो आणि मुद्रण यूट्यूबवर टाकतो. मुद्रण करण्याआधी विचारावे, आणि उत्तर लिहून ठेवावे: हे सर्वांसाठी, हे फक्त अभ्यासकांसाठी, हे फक्त गावासाठी. परवानगीचा कागद इंग्रजीत छापून अंगठा घ्यायचा प्रकार नको. वाचून दाखवा, समजावून सांगा. मांडाच्या प्रमुख बाईने 'नको' म्हटले तर कॅमेरा पिशवीत. प्रबंधाला दुसरा विषय मिळतो.

रिवणजवळच्या कुशावतीच्या काठावरची कोरीव चित्रे 1993 मध्ये अभ्यासकांसमोर आली तेव्हा केवढे कौतुक झाले. व्हायलाच हवे होते. तिथल्या गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती, त्यांनी दाखवली म्हणून सापडली. शोधाच्या बातमीत गुराख्याचे नाव असते का, हे तुम्हीच जुनी वर्तमानपत्रे काढून पाहा. गाण्याच्या बाबतीत हे पुन्हा नको. जिने गाणे दिले तिचे नाव गाण्याखाली छापा, शेवटच्या पानावरच्या यादीत नको. आणि ते गाणे कुणी व्यासपीठावर, अल्बममध्ये, पर्यटनाच्या जाहिरातीत वापरले तर निदान ते नाव सोबत जावे.

दामोदर कोसंबींचे नाव आपण समाजशास्त्रांच्या प्रशालेला दिले आहे. गोव्यात जन्मलेला हा गणिती इतिहासाकडे वळला तेव्हा वाटा तुडवत, देवींचे तांदळे, म्हणजे देवी म्हणून पुजलेले अनघड दगड, पाहत, धनगरांशी बोलत फिरला. जिवंत चालीरीतींत इतिहास वाचायचा, हे त्याने दाखवून दिले. त्या नावाच्या इमारतीतून निघालेले विद्यार्थी युवा महोत्सवासाठी एकसारख्या साड्या भाड्याने आणून साडेतीन मिनिटांचा धालो बसवतात, यात वाईट काही नाही, पोरींना मजा येते. फक्त तेवढ्यावर 'परंपरेचे जतन' अशी ओळ वार्षिक अहवालात घालू नये.

खर्चाचे विचाराल तर मला मोठी इमारत नको. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक कपाट आणि सर्व्हरवर जागा, सूची ठेवायला एक-दोन माणसे, मराठी आणि कोकणी दोन्ही वाचता येणारी, मोडी वाचता आली तर उत्तमच. दुसरी प्रत पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ठेवता येईल. 1832 पासून चालत आलेली ती संस्था, तिला जपणुकीची सवय आहे. तिसरी गावात. पंचायतीत नको, तिथे सरपंच बदलला की कपाटाची किल्ली हरवते. गावच्या शाळेत द्या. शाळेत एखादी बाई असतेच, जी पेन ड्राईव्ह रुमालात बांधून कपाटात ठेवील आणि दरवर्षी एकदा संगणकाला लावून चालतो का ते पाहील.

जाता जाता वेळापत्रकाचेही. पौषात धालो, फाल्गुनात शिगमा, आणि त्याच सुमाराला चाचण्या, सादरीकरणे, असाइनमेंटच्या तारखा. रोमट, म्हणजे शिगम्याची मिरवणूक, निघते त्या रात्री पोरगा ढोल वाजवायचा की दुसऱ्या दिवशीची चाचणी लिहायची? नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. स्वतःच्या गावच्या शिगम्याची नीट नोंद करून, गावाला प्रत देऊन आलेल्या मुलाला ते श्रेयांक द्या, चाचणी आठवड्याने घ्या.

विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती. पहिल्या वर्षी सगळा गोवा नको, एक तालुका घेऊन पाहा. सत्तरी घेतलात तर सोबत यायला मी आहे, फक्त डोंगरावरच्या वाड्यांवर आता माझ्याने सकाळीच चढवते. निर्णय काहीही होवो, उत्तर लेखी द्यावे, आणि ते मराठीत द्यावे किंवा कोकणीत. इंग्रजीत आले तर मांडावर ते मलाच वाचून समजावून सांगावे लागेल. तेही करीन, पण मधेमधे माझे स्वतःचे शेरे जातील.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
सत्तरी, गोवा